बॉइंकमधले दोन पन्नास टक्के

मे महिन्यात मालवणहून मावसभावाचा फोन आला. "दादा, पन्नास टक्के केलंय तरी पंखो काय गप बसत नाय. आणि ब्राउझर उघडूक पाच मिनटां लागतत."

त्याच्या लॅपटॉपवर बॉइंक चालतं, म्हणजे घरच्या संगणकांवर विज्ञानाच्या प्रकल्पांची कामं चालवणारा प्रोग्राम; त्यात आइनस्टाइन ॲट होम हा प्रकल्प. आपला संगणक मोकळा असेल तेव्हा त्याची ताकद पल्सार, म्हणजे वेगाने गरगरत ठरावीक ठेक्यात रेडिओ लहरी पाठवणारे मृत तारे, शोधायला द्यायची, असं ते काम. 2010 मध्ये अरेसिबो दुर्बिणीच्या नोंदींतून पीएसआर जे2007+2722 हा पल्सार असाच सापडला, अमेरिकेतलं एक जोडपं आणि जर्मनीतला एक जण यांच्या साध्या संगणकांवर. म्हणून असं मशीन कंटाळून बंद केलेलं मला पाहवत नाही.

मी त्याला विचारलं, "कुठले पन्नास?" घोळ तिथेच होता.

बॉइंकच्या कम्प्यूटिंग प्रेफरन्सेसमध्ये दोन रकाने शेजारी शेजारी आहेत. एक 'पर्सेंट ऑफ द सीपीयूज' (किती टक्के प्रोसेसर वापरायचे), दुसरा 'पर्सेंट ऑफ सीपीयू टाइम' (प्रोसेसरचा किती टक्के वेळ वापरायचा). दोन्हींत पन्नास लिहिलं की काम निम्मं होणार असं वाटतं, आणि दिवसाचा एकूण हिशेब केला तर ते जवळपास खरंही आहे. पण निम्मं होण्याची रीत अगदी वेगळी.

पहिला रकाना किती जण कामाला लागणार ते ठरवतो. भावाच्या लॅपटॉपच्या प्रोसेसरला 2 कोअर आहेत, प्रत्येक कोअर एका वेळी दोन कामं (थ्रेड) पेलतो, म्हणून बॉइंक ते 4 प्रोसेसर मोजतं. 50 टक्के म्हणजे एका वेळी दोनच टास्क (प्रकल्पाने पाठवलेले कामाचे तुकडे), पण पूर्ण वेगाने. अपूर्णांक इथे खाली उतरतो: चाराचे 70 टक्के म्हणजे 2.8, पण मिळतात दोनच. तिसरा हवा असेल तर 75 लिहावं लागतं. "साठाचे सत्तर केले तरी फरक नाही" ही तक्रार बहुतेक वेळा यातूनच येते.

दुसरा रकाना सगळ्यांना कामाला लावतो, पण मध्ये मध्ये थांबवतो. 75 टक्के म्हणजे साधारण 3 सेकंद काम, 1 सेकंद थांबा. 50 टक्क्यांना निम्मा वेळ काम, निम्मा वेळ स्वस्थ. टास्क मात्र चारच्या चार सुरू.

होडीत चार माणसं वल्ही मारत असतील तर श्रम निम्मे करायला दोघांना किनाऱ्यावर उतरवता येतं, नाहीतर चौघांनाही थोडं वल्हवून थोडं थांबायला सांगता येतं. दुसऱ्या रीतीत होडीतलं वजन एका माणसानेही कमी होत नाही.

ते वजन म्हणजे रॅम, चालू कामं धरून ठेवणारी मेमरी. भावाने पन्नास लिहिले होते दुसऱ्या रकान्यात. मशीनला 4 जीबी रॅम, त्यातली बरीचशी विंडोजच खातं, वर चार टास्क प्रत्येकी काहीशे एमबी धरून बसलेले. थांब्याच्या सेकंदांतही ते जागा सोडत नाहीत. मग ब्राउझर उघडला की विंडोज इकडचं तिकडे हार्डडिस्कवर टाकू लागतं आणि सगळं गचके खातं. बॉइंकचे टास्क सगळ्यात खालच्या प्राधान्याने चालतात, त्यामुळे ब्राउझरने प्रोसेसर मागितला की तो लगेच मिळतो. पण रॅम अशी मिळत नाही. टास्कसमोर 'वेटिंग फॉर मेमरी' दिसलं तर सीपीयूच्या वेळेचा आकडा कितीही खाली आणा, उपयोग नाही. टास्कच कमी करायला हवेत.

दुसरा फरक मुदतीचा. आठ तासांचा टास्क वेळेच्या 50 टक्क्यांवर घड्याळात सोळा तास घेतो. मशीन फक्त रात्री चालू असेल तर हे दोन रात्रींवर जातं, आणि प्रत्येक टास्कला परत द्यायची तारीख असते. उलट चारऐवजी दोनच टास्क ठेवले की एका कोअरवर दोघांची ओढाताण होत नाही, बऱ्याचदा प्रत्येक टास्क आधीपेक्षा लवकर संपतो.

आणि कोकणात पावसाळ्यात वीज जाणं आलंच. टास्क अधूनमधून आपली प्रगती डिस्कवर लिहून ठेवतो, त्याला चेकपॉइंट म्हणतात. तो किती वेळाने येणार ते त्या त्या प्रकल्पाच्या प्रोग्रामवर असतं. सेटिंगमधले 60 सेकंद म्हणजे 'याहून घाईने नको' एवढंच. वीस मिनिटांच्या कामानंतर येणारा चेकपॉइंट वेळेच्या 50 टक्क्यांवर चाळीस मिनिटांनी येतो. फांदी तारेवर पडली, लॅपटॉप बॅटरीवर गेला, आणि 'बॅटरीवर थांबव' ही खूण केलेली असेल तर टास्क मेमरीतून काढला जातो आणि नंतर मागच्या चेकपॉइंटपासून सुरू होतो. 'थांबवलेले टास्क मेमरीत ठेव' अशीही एक खूण आहे, ती केली की हे नुकसान टळतं. चार टास्क असताना 4 जीबीत ती परवडत नाही, दोन असताना चालून जाते.

मग वेळेच्या रकान्याला हात कधी लावायचा? एका टास्कवर येऊनही मशीन तापत असेल तेव्हा. त्याआधी नाही, असं माझं ठाम मत आहे.

तापण्याचं आणखी एक कारण भावाने स्वतःच शोधलं. मागचं झाकण उघडून त्याने फोटो पाठवला: पंख्यापुढच्या जाळीवर कापसासारखा थर, त्यात जांभ्याची लाल धूळ दमट हवेने घट्ट बसलेली. तो काढायला जुना टूथब्रश पुरला.

एक अडचण अजून होती. त्याने आधी प्रकल्पाच्या वेबसाइटवर आकडे बदलले होते आणि मशीन ऐकत नव्हतं. बॉइंक मॅनेजर, म्हणजे आपल्याच मशीनवरची बॉइंकची खिडकी, त्यात एकदा सेटिंग जतन केलं की त्या मशीनपुरतं तेच चालतं, वेबसाइटवरचं नाही. म्हणून बदल मॅनेजरमध्येच केला: प्रोसेसर 50, वेळ 100. आता टास्क्सच्या पानावर 'रनिंग' अशा दोनच ओळी दिसतात, आणि पंखा एका सुरात फिरतो.