कागदी फर्निचर

नालीदार पुठ्ठा, कागदी नळ्या किंवा मधाच्या पोळ्यासारखा जाळीदार कागद यांपासून बनविलेल्या खुर्च्या, मेजे, पलंग, मांडण्या इत्यादी. हलके आणि घडी करून ठेवण्याजोगे असल्याने लहान खोल्यांत राहणाऱ्यांना व वरचेवर बिऱ्हाड हलविणाऱ्यांना ते सोयीचे पडते.

उगमाविषयी एकमत नाही. काही अभ्यासक सुरुवात बर्मिंगहॅमच्या हेन्री क्ले यांच्यापासून धरतात. क्ले यांनी १७७२ मध्ये कागदाचे ताव एकावर एक चिकटवून, तेलात भिजवून व भट्टीत वाळवून टणक फळ्या करण्याचे पेटंट घेतले; त्यांची मेजे आणि बग्ग्यांचे भाग बनत. मात्र या कामात कागद लाकडाची जागा घेतो, त्याच्या घडीतून ताकद काढलेली नसते. त्यामुळे ही केवळ पूर्वपीठिका मानणे अधिक योग्य. नालीदार पुठ्ठाही आधी फर्निचरसाठी नव्हताच : इंग्लंडमध्ये १८५६ चे त्याचे पेटंट टोपीच्या अस्तरासाठी होते, तर वस्तू बांधण्यासाठी त्याचा वापर १८७१ पासून अमेरिकेत सुरू झाला.

आधुनिक काळातील पहिलेपणाचा मान काही जण जर्मनीच्या पीटर राके यांच्या ‘ओटो’ खुर्चीला (१९६०–७० दशकाचा उत्तरार्ध) देतात. परंतु ब्रिटिश आरेखक पीटर मर्डॉक यांची ठिपक्यांची बालखुर्ची १९६४ च्या सुमारास बाजारात आली होती. ती एकाच तावाला घड्या घालून उभी राहते. घडीचे तत्त्व हाच निकष धरला, तर अग्रक्रम मर्डॉक यांच्याकडे जातो. अमेरिकी वास्तुविशारद फ्रँक गेरी यांच्या ‘विगल’ खुर्चीत (१९७२) पुठ्ठ्याचे सुमारे साठ थर एकमेकांना जोडलेले आहेत. ती भक्कम खरी, पण हलकेपणाचा दाखला म्हणून देण्याजोगी नव्हे.

पाच पदरी खोक्याची कापलेली कड डोळ्यांजवळ धरली, की तीन सपाट कागदांमध्ये दोन लाटा दिसतात. या लाटांच्या नाल्या उभ्या ठेवल्या तर त्या खांबांप्रमाणे भार पेलतात; आडव्या ठेवल्या तर लवकर दबतात. म्हणून पायांच्या पट्ट्या कापताना नालीची दिशा आधी पाहावी लागते. जोडणी बहुधा खाचेची : एका फळीला वरून, दुसरीला खालून अर्ध्यापर्यंत खाच पाडून दोन्ही एकमेकींत बसवितात.

खरा शत्रू दमट हवा. आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास गेली, की पुठ्ठ्याची दाब सोसण्याची शक्ती जवळजवळ निम्म्यावर येते. कोकणातल्या पावसाळ्यात हे विसरून चालत नाही. फरशी ओल्या फडक्याने पुसतानाही खालची कड पाणी ओढते, म्हणून तिच्याखाली रबराची पट्टी द्यावी. पदर पिष्टमय खळीने चिकटवलेले असल्याने झुरळे व वाळवीही लागते. महाराष्ट्रात घरोघरी लगद्याच्या टोपल्या करताना मेथीदाणे वाटून घालीत, ते चिकटपणाबरोबरच कीड टाळण्यासाठीही.

जपानचे वास्तुविशारद शिगेरू बान यांनी कागदी नळ्यांची घरे कोबे (१९९५) व भूज (२००१) येथे भूकंपानंतर उभारली. नळ्यांचे फर्निचरही केले. टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळाडूंना दिलेल्या पुठ्ठ्याच्या पलंगांची क्षमता २०० किलोग्रॅम सांगितली गेली. २०२० मध्ये दिल्लीच्या छत्तरपूर येथील कोविड केंद्रातही पुठ्ठ्याचे पलंग वापरले. मुंबईच्या ‘आरंभ’ संस्थेने टाकाऊ खोक्यांपासून केलेले दप्तर ग्रामीण शाळांतील मुलांना दिले. उघडून जमिनीवर मांडले की त्याचेच उतरते मेज होते.