येशूला बाजूला ठेवलं म्हणून ‘स्ट्रायपर’ गाजला?

ख्रिश्चन रॉकबद्दल एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मुख्य प्रवाहात नाव कमवायचं तर गाण्यातून येशू गाळावा लागतो. दाखला म्हणून कॅलिफोर्नियाच्या ‘स्ट्रायपर’ बँडचं नाव घेतलं जातं. घटनाक्रम मात्र नेमका उलटा आहे.

पिवळे-काळे पट्टे, फुगवलेले केस आणि कार्यक्रमात श्रोत्यांकडे चक्क बायबलच्या प्रती भिरकावणं असा सगळा जामानिमा असतानाच १९८६ साली त्यांचा ‘टू हेल विथ द डेव्हिल’ हा अल्बम आला. अमेरिकेत त्याला प्लॅटिनम मिळालं, म्हणजे दहा लाख प्रती. त्यातलं ‘ऑनेस्टली’ हे गाणं बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत २३व्या क्रमांकापर्यंत चढलं. एमटीव्हीवरही त्यांची गाणी जोरात चालली.

पट्टे उतरले ते १९९०च्या ‘अगेन्स्ट द लॉ’च्या वेळी. शब्दांतला उघड धर्मही तेव्हाच ओसरला, आणि नेमका हाच अल्बम आधीच्यांपेक्षा कमी खपला. १९९२मध्ये गायक मायकेल स्वीट बाहेर पडला. या अल्बमवरून चाहते अजून भांडतात. वादनात तो दमदार आहे, हे मलाही मान्य. पण १९९२पर्यंत ग्रंजची, म्हणजे खरखरीत, बिनझगमगाटी रॉकची लाट आली होती आणि हेअर मेटलवाले, म्हणजे फुगवलेल्या केसांचे, भपकेबाज रॉक बँड, धार्मिक असोत वा नसोत, बहुतेक सगळेच मागे पडत होते.