चुंबकाच्या टोपीने कंपवाताची चाल सुधरते का?

‘डोक्याला चुंबक बांधल्यास कंपवाताचा रुग्ण महिनाभरात पूर्ववत चालू लागतो’ असा संदेश अनेक वर्षांपासून फिरत आहे. त्यामागे तथ्याचा एक धागा आहे, म्हणूनच तो पटतो.

मेंदूला चुंबकीय उत्तेजन देण्याचे तंत्र 1985पासून अस्तित्वात आहे. परंतु त्यात डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून क्षणभर तीव्र विद्युतप्रवाह सोडतात, आणि त्यामुळे झपाट्याने बदलणारे चुंबकीय क्षेत्र मेंदूच्या पृष्ठभागात सूक्ष्म प्रवाह निर्माण करते. टोपीतले चुंबक स्थिर असते. न बदलणारे क्षेत्र असा प्रवाह निर्माण करत नाही. पडताळा सोपा आहे: नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेत एमआरआयसाठी रोज कितीतरी लोक सहसा दीड टेस्लाच्या, म्हणजे टोपीहून कैक पटींनी बलवान चुंबकात पडून राहतात, पण कंपवाताचा रुग्ण तिथून सुधारलेली चाल घेऊन उठत नाही.

वेटोळ्याच्या खऱ्या उपचारानेही काही रुग्णांची चाल, विशेषतः पाय जमिनीला चिकटल्यासारखे होणे, थोडी सुधारते. मात्र परिणाम रुग्णागणिक बदलतो, बहुधा ओसरतो आणि मूळ आजार थांबत नाही. औषधे व चालण्याचा व्यायाम सोडून त्याच्यामागे लागणे मला धोक्याचे वाटते.

कुणी असा उपचार सुचवल्यास खुर्चीतून उठून तीन मीटर चालून, वळून, परत बसायला लागणारा वेळ आधी आणि नंतर मोजावा; दोन्ही वेळा गोळी घेतल्यापासूनचे अंतर सारखे असावे, अन्यथा गोळीचा गुण यंत्राच्या खात्यावर जमा होतो. डोक्यात धातू, पेसमेकर किंवा फिट्सचा इतिहास असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे.