चिरकारी यकृतशोथ : आहार व पथ्य

हिपॅटायटिस बी किंवा सी विषाणूचा संसर्ग सहा महिन्यांहून अधिक काळ शरीरात टिकला, की त्याला चिरकारी यकृतशोथ (यकृताची दीर्घकाळ टिकणारी सूज) म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५.४ कोटी लोकांना ‘बी’चा आणि ५ कोटी लोकांना ‘सी’चा असा संसर्ग होता. भारतातील आकडे अनुक्रमे सुमारे २.९८ कोटी आणि ५५ लाख. यांतील बहुतेकांना त्याचा पत्ताच नसतो. रक्तदान, गरोदरपणातली तपासणी किंवा शस्त्रक्रियेआधीच्या चाचण्या यांत तो अचानक निघतो, आणि घरच्यांचा पहिला प्रश्न बहुधा ‘पथ्य काय?’ हाच असतो.

आहाराने विषाणू जात नाही. ‘बी’ला टेनोफोव्हिर किंवा एन्टेकाव्हिर ही औषधे आवरून धरतात, ‘सी’ तर सोफोसबुव्हिर आणि डॅक्लाटासव्हिर यांसारख्या गोळ्यांनी साधारण १२ आठवड्यांत १०० पैकी ९५ जणांत पूर्ण बरा होतो. आहाराचे काम यकृत तगवून धरण्याचे असते. त्यावर दारू, चरबी आणि मधुमेह यांचा जादा भार पडू द्यायचा नाही, आणि यकृत आक्रसू लागलेच तर अंगावरचे मांस टिकवायचे. मराठी घरांत परंपरेने पाळले जाणारे पथ्य यातल्या दुसऱ्या कामाच्या नेमके उलट जाते.

काविळीचे पथ्य

हळद, तेल, तूप, फोडणी बंद. ताकभात, उकडलेल्या भाज्या, लाह्या, मनुका आणि उसाचा रस चालू. हे पथ्य हिपॅटायटिसच्या ‘अ’ (ए) आणि ‘ई’ या विषाणूंच्या काविळीसाठी रुळले. त्या काविळीत भूक मेलेली असते आणि तेलकट पाहिले तरी मळमळते, म्हणून चार दिवस हलके खाणे सोयीचेच. ती बहुतेकदा काही आठवड्यांत आपोआप उतरते आणि श्रेय त्या वेळी चालू असलेल्या उपायाला मिळते. गावोगावी कावीळ ‘उतरवणारे’ असतात. कोणी चुन्याच्या पाण्याने हात धुवून पाणी पिवळे झालेले दाखवतो, कोणी गळ्यात माळ घालतो आणि ती लांबत गेली की रोग उतरला म्हणतो, कोणी नाकात कडू रस पिळून पिवळे पाणी काढतो. शेवटचा प्रकार नाकाच्या नाजूक त्वचेला भाजणारा आहे.

चिरकारी ‘बी’ आणि ‘सी’मध्ये वर्षानुवर्षे कावीळ दिसतच नाही. दिसली तर ती बहुधा यकृत थकल्याची खूण असते, तेव्हा वैदूच्या दारात थांबायला वेळ नसतो. शिवाय काही आठवड्यांचे पथ्य वीस वर्षे पाळले, तर माणूस वाळतो. स्वयंपाकातल्या चिमूटभर हळदीने यकृताचे काही बिघडत नाही. डोळे पिवळे होतात ते रक्तात साठलेल्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यामुळे. तेलातुपाची सरसकट बंदीही अनाठायी आहे. उसाचा रस म्हणजे बरीच साखर, आणि रस्त्यावरचा बर्फ व पाणी अस्वच्छ असेल तर ‘अ’ आणि ‘ई’ला आयते निमंत्रण. मुळात दुखावलेल्या यकृताला ही नवी कावीळ फार महागात पडते, म्हणून अशा रुग्णांना ‘अ’ची लस सुचवतात.

रोजचे जेवण

यकृताची रचना अजून शाबूत असेल तर वेगळा आहार लागत नाही. भाकरी, पोळी, वरण, उसळ, पालेभाजी, दही, अंडी, मासे हेच खावे. दारू मात्र पूर्ण बंद. ‘फक्त बिअर’ ही सवलत येथे नाही. वजन आणि साखर हा दुसरा मुद्दा. ‘सी’च्या जनुकप्रकार ३ मध्ये, जो भारतात सर्वाधिक आढळतो, विषाणू स्वतःच यकृतात चरबी साठवतो. त्यात पोट सुटलेले आणि मधुमेह असला, तर यकृतातले तंतुमय व्रण (फायब्रोसिस) वेगाने वाढतात. म्हणून शीतपेये, मैदा, मिठाई कमी करणे हे तेल मोजत बसण्यापेक्षा जास्त उपयोगी.

कॉफीची गोष्ट अनपेक्षित आहे. ‘सी’चा आजार बळावलेल्या रुग्णांवर अमेरिकेत झालेल्या हॉल्ट-सी या मोठ्या अभ्यासात दिवसाला तीन किंवा अधिक कप कॉफी पिणाऱ्यांत आजार पुढे सरकण्याचे प्रमाण न पिणाऱ्यांच्या सुमारे निम्मे दिसले (२००९). चहात तसे काही आढळले नाही, हे चहाबाज महाराष्ट्राला जरा कटूच. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे. तेवढ्यावरून कॉफीला औषध म्हणता येत नाही. आणि दोन चमचे साखर घातलेल्या कॉफीने साखरेचा हिशोब बिघडतोच.

शेंगदाणे आणि मका निवडून घेणे ही महाराष्ट्रात विशेष महत्त्वाची बाब, कारण इथे कूट प्रत्येक भाजीत पडते. ओलसर साठवणीत त्यांवर अ‍ॅस्परजिलस जातीची बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते, आणि घरगुती भाजण्याने ते पुरते नष्ट होत नाही. १९७४ मध्ये गुजरात-राजस्थान सीमेवरच्या आदिवासी गावांत बुरशी लागलेला मका खाऊन यकृत निकामी झाल्याने शंभरावर माणसे दगावली. ‘बी’ विषाणू आणि अफ्लाटॉक्सिन एकत्र आले की यकृताच्या कर्करोगाचा धोका गुणाकाराने वाढतो. शांघायमधील पुरुषांच्या एका अभ्यासात (१९९२) दोन्ही असलेल्यांत तो दोन्ही नसलेल्यांच्या सुमारे ६० पट निघाला. तेव्हा खवट, काळपट, सुरकुतलेला दाणा कुटात ‘खपवू’ नये, फेकावा.

यकृत आक्रसल्यावर

यकृतकाठिण्याच्या (सिऱ्हॉसिसच्या) टप्प्यावर आहाराला खरे वजन येते. निरोगी यकृत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा ठेवते आणि रात्रभर त्यावर शरीर चालते. आक्रसलेल्या यकृतात हा साठा तुटपुंजा असतो, त्यामुळे एका रात्रीच्या उपाशीपणानंतरच शरीर स्नायू मोडून साखर बनवू लागते. निरोगी माणसात ही वेळ दोन-तीन दिवसांच्या उपासानंतर येते. चेहरा आणि दंड ओघळणे, मांड्या बारीक होणे हे त्याचेच दृश्य रूप. पोटात पाणी साठल्याने वजनकाटा मात्र ठीकच दाखवतो.

म्हणून दिवसात पाच-सहा वेळा थोडे थोडे खावे आणि झोपताना सुमारे २०० कॅलरींचे काहीतरी घ्यावे. पेलाभर दूध आणि राजगिऱ्याचा लाडू, किंवा दूधभाकरी, हे सहज जमते. प्रथिने वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम लागतात. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम मिळतात, म्हणजे केवळ वरणभातावर हा आकडा गाठणे अवघड. दूध, दही, पनीर, सोयाबीन, उसळी, अंडी, मासे यांची जोड हवीच. भ्रम किंवा गुंगी (यकृतजन्य मेंदूविकार) असणाऱ्यांची प्रथिने तोडण्याची जुनी पद्धत आता मागे पडली आहे. डाळी व दुधातली प्रथिने अशा रुग्णांना मांसापेक्षा अधिक मानवतात.

उपवास हा येथे नाजूक विषय. निर्जळी एकादशी, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार, अलीकडचे सोळा तासांचे उपाशीपण, यांतले काहीही या टप्प्यावर करू नये. साबुदाण्याची खिचडी खाल्ली तरी ती मुख्यतः पिष्टच. आजारी माणसाला व्रतातून सूट परंपरेनेही दिलेली आहे. घरातल्या वडीलधाऱ्यांनी ती बोलून दाखवली, तर डॉक्टरचे निम्मे काम होते.

पोटात पाणी साठले की मीठ दिवसाला सुमारे पाच ग्रॅम, म्हणजे स्वयंपाकाचे सगळे मिळून एक छोटा चमचा. पापड, लोणचे, कुरडया, फरसाण आणि कोकणातले सुके बोंबील, सुकट, खारा यांत ते भराभर संपते. बाजारातल्या ‘कमी सोडियम’च्या मिठात पोटॅशियम असते. पाणी उतरवण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, तर ते जिवावर बेतू शकते. पाणी साठलेले नसताना आधीपासूनच अळणी जेवायचे कारण नाही. अळणी अन्न कमी खाल्ले जाते आणि प्रथिनांचा हिशोब पुन्हा चुकतो. तिसऱ्या (शिंपल्या) आणि कालवे कच्ची किंवा अर्धवट शिजलेली खाऊ नयेत, कारण त्यांतल्या व्हिब्रिओ जिवाणूने होणारा रक्तदोष अशा रुग्णांत बहुधा प्राणघातक ठरतो. नीट उकळलेले कालवण चालते.

वनस्पती आणि ‘लिव्हर टॉनिक’

आयुर्वेदात काविळीचा विचार कामला या नावाने पांडुरोगाच्या प्रकरणात येतो आणि भुईआवळा व कुटकी या त्यातल्या ठळक वनस्पती. भुईआवळ्याने आधुनिक वैद्यकातही एकदा मोठी आशा निर्माण केली होती. १९८८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये मद्रासच्या संशोधकांचा प्रयोग छापून आला. तीस दिवस भुईआवळा घेतलेल्या ३७ वाहकांपैकी २२ जणांच्या रक्तातून ‘बी’चे पृष्ठीय प्रतिजन (संसर्गाची खूण असलेले विषाणूचे प्रथिन) नाहीसे झाले होते, निष्क्रिय गोळी घेतलेल्या २३ पैकी एकाचेच. लेखकांत बारूक ब्लुमबर्ग होते, ज्यांना याच विषाणूच्या शोधाशी निगडित कार्यासाठी १९७६ चे नोबेल मिळाले. नंतरच्या चाचण्यांत मात्र तसा परिणाम दिसला नाही. दुकानांत आजही त्या एकाच प्रयोगाच्या बळावर चूर्णे खपतात.

दुधी काटेरी झाडाच्या (मिल्क थिसलच्या) बियांपासून काढलेले सिलिमारिनही तसेच. २०१२ च्या काटेकोर अमेरिकन चाचणीत, नेहमीच्या मात्रेच्या कित्येक पट देऊनही ‘सी’च्या रुग्णांची रक्तातली यकृतविकरे (एन्झाइम) उतरली नाहीत. जपानमध्ये ज्येष्ठमधातल्या ग्लिसिरायझिनची इंजेक्शने अनेक वर्षे वापरली गेली. त्यांनी विकरे खाली येतात, विषाणू जात नाही, आणि पोटॅशियम घटून रक्तदाब चढू शकतो.

अपाय सिद्ध झालेली उदाहरणेही आहेत. करोनाकाळात ‘प्रतिकारशक्ती’साठी गुळवेलीचा काढा घराघरांत गेला. मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२० च्या अखेरीस त्यामुळे यकृत दुखावलेले सहा रुग्ण पाहिले आणि २०२१ मध्ये ते नोंदवले. आयुष मंत्रालयाने दुसऱ्या जातीची वेल मिसळली असावी असा आक्षेप घेतला, पुढे देशभरातल्या केंद्रांनी आणखी रुग्ण नोंदवले. आरोग्यवर्धिनीत कुटकीबरोबर पारा, गंधक आणि ताम्रभस्म असते. बोस्टनच्या दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक सापडल्याचे २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. मिरीच्या अर्कासह विकल्या जाणाऱ्या कर्क्युमिनच्या तीव्र गोळ्यांनी यकृतशोथ झाल्याच्याही नोंदी आहेत. भाजीतल्या हळदीशी त्यांची तुलना करू नये. लोह आणि ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्याही कमतरता सिद्ध झाल्याशिवाय घेऊ नयेत. घ्यायचेच असेल, तर औषधाची पुडी किंवा बाटली यकृततज्ज्ञाला दाखवावी.

गोळी आणि जेवणाची वेळ

एन्टेकाव्हिर रिकाम्या पोटी, म्हणजे जेवणानंतर आणि पुढच्या जेवणाआधी दोन-दोन तास सोडून घ्यायचे. टेनोफोव्हिर अलाफेनामाइड जेवणाबरोबर. ‘सी’वरची व्हेल्पाटासव्हिर असलेली गोळी आम्लपित्ताच्या औषधांमुळे नीट शोषली जात नाही. ‘सी’च्या गोळ्यांसोबत सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती वर्ज्य. अंगदुखीसाठी पॅरासिटामोल चालते, काठिण्य असल्यास दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. सगळ्यात धोक्याचे म्हणजे ‘बरे वाटतेय’ म्हणून ‘बी’ची गोळी स्वतः थांबवणे, विषाणू उसळून यकृत काही आठवड्यांत बंद पडू शकते. ही औषधे आणि तपासण्या २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून सरकारी केंद्रांवर विनामूल्य मिळतात.

चालणे, सूर्यनमस्कार, हलके वजन उचलणे यांनी स्नायू टिकतात आणि थकवा उतरतो. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर श्वास कोंडून जड वजन उचलणे आणि कपालभातीसारखे पोटावर ताण देणारे प्रकार टाळावेत. प्राणायाम किंवा ध्यानाने झोप सुधारते, विषाणूची संख्या बदलत नाही.

घरात ताट-वाटी वेगळी ठेवण्याची गरज नाही. ‘बी’ आणि ‘सी’ एका ताटात जेवल्याने, मिठी मारल्याने किंवा शिंकेने पसरत नाहीत. दाढीचे पाते, दात घासण्याचा ब्रश, नखे काढण्याचे यंत्र मात्र स्वतंत्र असावे. ‘बी’च्या रुग्णाच्या जोडीदाराची व मुलांची रक्ततपासणी करून लस द्यावी, आणि आईला ‘बी’ असेल तर बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिली मात्रा मिळायला हवी.