सीमापार वायुप्रदूषणाचे प्रतिमानन : आंतरराष्ट्रीय वैज्ञानिक सहकार्य

एका देशाच्या हवेत मिसळलेली प्रदूषके वाऱ्याबरोबर शेजारी देशांत जातात, वाटेत त्यांचे रासायनिक रूप बदलते आणि अखेर ती पावसातून किंवा कोरडीच जमिनीवर, तळ्यांवर, पिकांवर उतरतात. कोणाचे किती प्रदूषण कोठे पडते याचा हिशेब संगणकीय प्रतिमानांनी (मॉडेल्सनी) मांडण्यासाठी अनेक देशांचे वैज्ञानिक उत्सर्जनाची आकडेवारी, मोजमापे आणि प्रतिमाने एकत्र आणतात. हवेत सल्फेट किती आहे हे मापकयंत्र सांगते. ते कोणत्या देशातील धुराड्यांतून आले हे त्याला सांगता येत नाही. त्यासाठी गणित लागते, आणि एकाच देशाने केलेले गणित शेजारी सहसा मान्य करीत नाही. म्हणून येथे सहकार्य ही केवळ सोय नाही. निष्कर्षाची विश्वासार्हता त्यावरच उभी असते.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वीडिश मृदाशास्त्रज्ञ स्वांते ओडेन यांनी स्कँडिनेव्हियातील आम्लवर्षेचा संबंध ब्रिटन व मध्य युरोपातून येणाऱ्या गंधकयुक्त धुराशी जोडला. तळी आम्लधर्मी होत होती, त्यांतील मासे नाहीसे होत होते. १९७२ च्या स्टॉकहोम परिषदेत स्वीडनने हा प्रश्न जगासमोर ठेवला. त्याच वर्षी आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने ११ युरोपीय देशांचा संयुक्त अभ्यास सुरू केला. त्याचे समन्वयन नॉर्वेच्या वायुसंशोधन संस्थेकडे होते. १९७७ च्या अहवालानुसार त्यांपैकी पाच देशांत पडणाऱ्या गंधकातला निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून येत होता. दूरच्या धुराची तक्रार तोवर तर्क म्हणून बाजूला सारता येत असे. आता तिला आकडे मिळाले.

मात्र या अभ्यासात पूर्व युरोप नव्हता. ती उणीव भरून काढण्यासाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाच्या छत्राखाली १९७७ मध्ये ‘ईएमईपी’ या आद्याक्षरांनी ओळखला जाणारा निरीक्षण व मूल्यमापन कार्यक्रम सुरू झाला. १३ नोव्हेंबर १९७९ रोजी जिनीव्हात दीर्घ पल्ल्याच्या सीमापार वायुप्रदूषणाविषयीच्या करारावर सह्या झाल्या आणि १९८३ मध्ये तो अमलात आला. शीतयुद्ध चालू असताना प्रतिमाननाचे एक केंद्र ओस्लोत आणि दुसरे मॉस्कोत होते, ही या इतिहासातील सर्वांत लक्षणीय गोष्ट म्हणावी लागेल. मोजमापांच्या एकसूत्रतेची जबाबदारी नॉर्वेतील रसायन-समन्वय केंद्राकडे आली. तेथून सदस्य देशांच्या प्रयोगशाळांकडे सारखेच नमुने तपासणीसाठी जातात, म्हणजे दोन देशांच्या आकड्यांतला फरक हवेतला आहे की प्रयोगशाळेतला, हे कळते. १९८४ च्या उपकराराने या कामाचा खर्च सदस्य देशांत वाटून दिला.

१९८५ च्या हेलसिंकी उपकरारात गंधकाचे उत्सर्जन ‘किंवा त्याचा सीमापार प्रवाह’ १९८० च्या तुलनेत १९९३ पर्यंत किमान ३० टक्क्यांनी घटवण्याचे बंधन होते. सीमापार प्रवाह कोणत्याही यंत्राने थेट मोजता येत नाही, तो प्रतिमानानेच काढावा लागतो. त्यामुळे प्रतिमानाचे उत्तर थेट आंतरराष्ट्रीय कायद्याचा भाग बनले.

हे उत्तर स्रोत-ग्राही सारणीच्या रूपात मिळते : एका बाजूला उत्सर्जन करणारे देश, दुसऱ्या बाजूला ते झेलणारे. सारणी बनवण्यासाठी आधी सर्व देशांच्या प्रत्यक्ष उत्सर्जनावर प्रतिमान चालवतात. मग एका देशाचे एखादे उत्सर्जन, ईएमईपीच्या पद्धतीत १५ टक्क्यांनी, कमी करून तेच गणित पुन्हा करतात आणि दोन उत्तरांतला फरक त्या देशाच्या नावे मांडतात. प्रत्येक देशासाठी आणि प्रत्येक प्रदूषकासाठी हा खटाटोप नव्याने करावा लागतो. जमिनीवर साचणाऱ्या गंधकाच्या बाबतीत ही रीत बरीच सरळ चालते. जमिनीलगतचा, प्रदूषक ठरणारा ओझोन आणि सूक्ष्मकण यांचे तसे नाही. दाट वाहतुकीच्या शहरात नायट्रोजन ऑक्साइडे घटवली, तर तेथला ओझोन काही वेळा वाढतो. अमोनियम नायट्रेटचे कण बनायला एका देशातील शेतीचा अमोनिया आणि दुसऱ्या देशातील वाहनांची नायट्रोजन ऑक्साइडे असे दोन्ही लागतात, मग तो कण कोणाच्या खात्यावर टाकायचा? यामुळेच सगळ्या देशांचे वाटे मिळवले तरी बेरीज नेमकी शंभर टक्के येत नाही. एखाद्या देशाचा ‘वाटा’ वाचताना तो कोणत्या पद्धतीने काढला हे पाहणे म्हणूनच अत्यावश्यक ठरते.

१९९४ च्या ओस्लो उपकरारात सर्वांना सारखी टक्केवारी लावण्याची पद्धत मागे पडली. प्रत्येक देशाने आपली माती आणि तळी किती आम्ल सोसू शकतात याचे नकाशे दिले, आणि ऑस्ट्रियातील लाक्सेनबुर्ग येथील उपयोजित प्रणाली विश्लेषण संस्थेच्या ‘रेन्स’ प्रतिमानाने कोठे कपात केली असता कमी खर्चात जास्त लाभ होईल हे दाखवले. देशांची उद्दिष्टे त्यामुळे वेगवेगळी ठरली. १९९९ च्या गोथेनबर्ग उपकराराने गंधक, नायट्रोजन ऑक्साइडे, अमोनिया आणि बाष्पनशील सेंद्रिय संयुगे एकत्र विचारात घेतली. २०१२ च्या दुरुस्तीने सूक्ष्मकणही त्यात आले.

प्रतिमानांची खरी कसोटी चेर्नोबिलच्या १९८६ च्या अपघाताने लागली. किरणोत्सर्गी ढग कोठे जाईल याची वेगवेगळ्या देशांची भाकिते जुळत नव्हती. म्हणून २३ ऑक्टोबर १९९४ रोजी फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील माँतेर्फिल येथून निरुपद्रवी असा फ्लोरीनयुक्त मागवायू, म्हणजे हवेचा माग काढण्यासाठी वापरायचा वायू, १२ तास सोडण्यात आला. १७ देशांतील १६८ केंद्रांनी हवेचे नमुने घेतले, आणि प्रतिमानकारांनी मोजमापे न पाहता आपली भाकिते दिली. आपले गणित अशा रीतीने उघड परीक्षेला बसवायला धैर्य लागते, आणि या क्षेत्राने ती प्रथा टिकवली. अनेक प्रतिमानांच्या उत्तरांचा मध्यक सहसा एकेकट्या प्रतिमानापेक्षा भरवशाचा निघतो, हा धडा अशा तुलनांतून पक्का झाला. युरोपच्या कोपर्निकस सेवेचा रोजचा हवा-अंदाज आज याच तत्त्वावर चालतो. २००९ पासून उत्तर अमेरिका व युरोपातील प्रतिमानांची संयुक्त तपासणीही होते.

खंडांदरम्यानच्या वहनासाठी जिनीव्हा कराराने २००४ मध्ये स्वतंत्र कृतिगट नेमला. उत्तर अमेरिका, युरोप, पूर्व आशिया आणि दक्षिण आशिया या चार प्रदेशांचे उत्सर्जन प्रतिमानांत २० टक्क्यांनी घटवून त्याचा परिणाम इतर खंडांत पाहिला गेला. ओझोन वातावरणात काही आठवडे टिकत असल्याने महासागर ओलांडतो. मिथेनही सर्वत्र पसरून ओझोनची सगळीकडची मूळ पातळी वाढवतो, त्यामुळे त्याच्या कपातीचा लाभ एका प्रदेशापुरता राहत नाही.

आशियात १९९८ पासून प्रतिमानांच्या तुलनेचा संयुक्त प्रकल्प चालू आहे आणि २००१ पासून पूर्व आशियाचे आम्लनिक्षेपण निरीक्षणजाळे नियमित काम करते. चीन, जपान व दक्षिण कोरिया यांच्या चमूंनी नोव्हेंबर २०१९ मध्ये संयुक्त सारांश प्रसिद्ध केला. त्यानुसार २०१७ मध्ये सोल, देजॉन आणि बुसान या शहरांतील पीएम २.५ कणांत चीनचा वाटा सरासरी ३२ टक्के, तर कोरियाचा स्वतःचा सुमारे ५१ टक्के होता. एकमेकांवर दोषारोप चालू असताना तिन्ही सरकारांनी एक आकडा छापू दिला, हेच मोठे यश आहे.

दक्षिण आशियात १९९८ च्या माले घोषणेत भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, मालदीव आणि इराण एकत्र आले. १९९९ च्या हिंदी महासागर प्रयोगाने उपखंडावरून समुद्रावर पसरणाऱ्या धुरकट थराचे मोठ्या प्रमाणावर मोजमाप केले. परंतु युरोपसारखी, सर्व देशांनी मान्य केलेली आणि कायदेशीर बंधनाशी जोडलेली सारणी येथे अजून नाही. वीटभट्ट्या, चुली आणि शेतातील काडीकचरा जाळणे हे मोठे पण विखुरलेले स्रोत असल्यामुळे उत्सर्जनाच्या नोंदीच कच्च्या राहतात, आणि प्रतिमान कितीही चांगले असले तरी त्याला दिलेल्या नोंदींपेक्षा अचूक होऊ शकत नाही. २०२० मध्ये सोडलेल्या कोरियाच्या भूस्थिर उपग्रहावरील ‘जेम्स’ हे उपकरण आता पूर्व आशियापासून भारताच्या काही भागापर्यंत दिवसाउजेडी तासागणिक निरीक्षण करते. पण ते जमिनीपासून वरपर्यंतच्या हवेच्या संपूर्ण स्तंभातले प्रदूषक पाहते. माणसे श्वास घेतात त्या थरातले प्रमाण कळण्यासाठी जमिनीवरील केंद्रे, आणि त्यांच्या नोंदी शेजाऱ्यांना खुल्या करणे, या दोन्ही गोष्टी लागतातच.