नव्या गाडीचा टायर गेला, तर वॉरंटी कोणाची?
(आमच्या टायर दुकानातर्फे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

गाडी घेऊन वर्षही झालेले नसते आणि टायर जातो. साहजिकच ग्राहक आधी शोरूम गाठतो. तिथे ऐकायला मिळते, "टायर वॉरंटीत येत नाही." हे अर्धेच खरे आहे. गाडीच्या कंपनीच्या वॉरंटीतून टायर आणि बॅटरी बहुधा वगळलेले असतात, पण टायर बनवणारी कंपनी वेगळी वॉरंटी देते आणि गाडीसोबत आलेले टायरही सहसा तिच्यात बसतात. गाडीच्या वॉरंटी पुस्तिकेत हे छापलेले असते. क्लेम शोरूममार्फत करता येतो किंवा त्या टायर कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे.

ही वॉरंटी बनावटीतल्या दोषापुरती असते. म्हणजे ट्रेडचा (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीदार रबराचा) थर आतून सुटणे, रिमवर बसणारी कड सदोष असणे, असे काही. पंक्चर, काप, खिळा, कमी हवा, बिघडलेले अलाइनमेंट यांचा त्यात समावेश नाही.

खरा वाद होतो तो टायरच्या बाजूवर येणाऱ्या फुग्यावरून. पुण्यात खड्डे आणि रंग उडालेले स्पीडब्रेकर यांची टंचाई कधीच नव्हती. चाक खड्ड्याच्या कडेवर जोरात आदळले की टायरची बाजू रिम आणि ती कड यांच्यात चिमटते. आतले धागे तुटतात, वरचे रबर शाबूत राहते, आणि हवा त्या दुबळ्या जागी रबर बाहेर ढकलते. फुगा त्याच दिवशी दिसेल असे नाही, तोवर खड्डा विसरलेला असतो. म्हणून "आम्ही कुठेच आपटलो नाही" हे ग्राहक अगदी प्रामाणिकपणे सांगतो. टायर उतरवला की आत चिमटल्याची खूण आणि तुटलेले धागे दिसतात, आणि क्लेम नामंजूर होतो. असा क्लेम 'मंजूर करून देतो' म्हणणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नका. फुगा आलेल्या टायरवर एक्सप्रेसवेला जाऊ नका. बाजूच्या रबराला पॅच टिकत नाही, टायर बदलावाच लागतो.

बाजूवर आत गेलेली बारीक उभी पन्हळ मात्र बहुतेक वेळा निरुपद्रवी असते. रेडियल टायरमध्ये आतला थर जिथे जोडलेला असतो तिथे ती दिसते. शंका असेल तर दाखवून जा, त्याचे पैसे घेत नाही.

हवा गेलेल्या टायरवर गाडी 'पंक्चरवाल्यापर्यंत हळूहळू' नेणे ही सर्वांत महाग सवय आहे. नवले पुलाच्या उताराजवळ हवा गेली तर गाडी सुरक्षितपणे कडेला घ्या, चारही इंडिकेटर एकदम (हॅझर्ड लाइट) लावा, स्टेपनी बसवा. थोडे अंतर जरी तसेच चालवले तरी बाजूचे रबर आतून घासून त्याची काळी भुकटी होते. मग टायरमध्ये मुळात खरा दोष असला, तरी तो सिद्ध करायला काही उरत नाही.

क्लेम मंजूर झाला म्हणजे फुकट टायर, असेही नाही. झीज वजा करून उरलेल्या ट्रेडपुरती सूट मिळते. समजा, नव्या टायरचा ट्रेड ८ मिमी होता. १.६ मिमीला टायर संपला असे धरतात, म्हणजे वापरायचे ६.४ मिमी. तुमच्याकडे ४.८ मिमी शिल्लक असेल तर त्यातले वापरायचे ३.२ मिमी, म्हणजे निम्मा भाग उरला, म्हणून ढोबळमानाने निम्मी किंमत तुम्ही भरायची. प्रत्येक कंपनीचा तक्ता वेगळा असतो. काही कंपन्या अगदी नव्या टायरला पूर्ण बदलीही देतात.

विम्याचेही लोक विचारतात. नेहमीच्या पॉलिसीत एकटा टायर गेला तर भरपाई मिळत नाही. त्याच अपघातात गाडीचेही नुकसान झाले असेल तरच मिळते, तीही बदलीच्या खर्चाच्या ५० टक्क्यांपर्यंत. टायरसाठी वेगळे ॲड-ऑन मिळते. खड्ड्यांच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांनी त्याचा विचार करावा, पण फुगा आणि काप त्यात धरले आहेत का, ते आधी पाहा.

येताना गाडीचे बिल, आरसी आणि तोच टायर आणा. टायर भंगारात दिला की विषय संपला. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार अंक उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. त्याचा फोटो काढून ठेवा.

तपासणी कंपनीचा इंजिनिअर करतो, निर्णय आमच्या हातात नसतो. क्लेम नाकारला तर कारण लेखी मागा आणि टायर परत घ्या. कारण पटले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते, आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग आहेच. तिथे तो लेखी कागद आणि तो टायर, दोन्ही लागतील.