स्ट्राइकआउट फार होतो, म्हणून ट्रेड बरा?

बेसबॉलमधे लाडका होमरनवाला (चेंडू थेट मैदानाबाहेर मारणारा) दुसऱ्या टीमला ट्रेड झाला की हमखास फिरणारं वाक्य: 'बरं झालं, ॲव्हरेज .२४० आणि नुसता स्ट्राइकआउट होतो.' ॲव्हरेज म्हणजे हिट भागिले ॲट-बॅट (वॉक वगैरे सोडून बॅटिंगच्या पाळ्या), आणि स्ट्राइकआउट म्हणजे तीन स्ट्राइक होऊन आउट. मलाही आधी तसंच वाटायचं. पण ॲव्हरेजमधे वॉक (चार खराब चेंडू पडले की फुकट मिळणारा पहिला बेस) धरतच नाहीत आणि होमरन काय, सिंगल (एकाच बेसचा हिट) काय, दोन्ही एकच हिट. समजा ५०० ॲट-बॅटमधे १२० हिट आणि वर ९० वॉक, म्हणजे ५९० पैकी २१० वेळा गडी बेसवर, म्हणजे ऑन-बेस .३५६ झालं की! तेवढ्याच ॲट-बॅटमधे .२८० वाला पण २५च वॉक घेणारा .३१४ वर राहतो. तिसऱ्या बेसवर रनर असताना स्ट्राइकआउट खुपतो हे खरंय, पण पहिल्या बेसवर रनर असताना ग्राउंडर (जमिनीलगतचा फटका) मारला तर डबल प्लेमधे दोन आउट जाऊ शकतात. सीझनच्या आकड्यांत ॲव्हरेजशेजारीच ऑन-बेस आणि स्लगिंग (हिटमधून किती बेस मिळाले ते मोजणारं) असतं, भांडायच्या आधी तेवढं बघा.